छंद कीं गळ?

लातुरास एका स्नेह्यांच्या घरीं नाताळच्या सुट्टींत आम्ही कांहीं दिवस उतरलों होतों. एके दिवशीं संध्याकाळीं चहाच्या वेळीं त्यांची दहा वर्षांची नात एक छापील पत्रक घेऊन आजोबांपुढें उभी राहिली. जवळच्या ख्रिस्तमंदिराच्या आवारांत आठवडाभर चित्रकला, कागदकाम व गिटारवादन यांचे वर्ग भरणार होते. फी नव्हती, आणि कोणत्याही धर्माच्या मुलांनीं यावें असें निमंत्रण होतें. “आबा, माझ्या वर्गांतल्या तिघीजणी जाणार आहेत. मी जाऊं का?” आजोबांनीं चष्मा पुसला, सूनबाईंकडे पाहिलें, आणि “उद्यां सांगतों” एवढेंच म्हणाले. रात्रीं जेवणें झाल्यावर मात्र त्यांनीं आम्हांस विचारलें, “हा छंद समजावा कीं गळ?”

प्रश्न एका घरचा असला तरी तो पुष्कळ घरांत पडतो, म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खेळांतून व कलांतून शेजाऱ्यापर्यंत पोहोंचण्याची ही रीत नवी नाहीं. इ. स. १८९१ मध्यें अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें ख्रिस्ती तरुण संघाच्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हिंवाळ्यांत कोंडलेल्या मुलांसाठीं भिंतीला टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला. चार वर्षांनीं त्याच संघाच्या विल्यम मॉर्गन यांनीं व्हॉलीबॉल काढला. आज नांदेड-लातुरकडील खेड्यांत दोन खांबांमध्यें जाळें बांधून मुलें हा खेळ खेळतात. त्यांच्या धर्मांत त्यामुळें रतिभरही फरक पडलेला नाहीं. शरीरें मात्र काटक झालीं आहेत.

आपल्या मुंबईचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं नागपाड्याच्या दाट वस्तींत ‘नेबरहुड हाउस’ उघडलें. तेथें वाचनालय होतें, दवाखाना होता आणि खेळही होते. मुसलमान, हिंदु, यहुदी, सर्वांना दार मोकळें होतें. धर्मांतरितांची संख्या मोजण्यापेक्षां शेजाऱ्याचें जिणें सुधारावें, ही मॅन्शार्ट यांची दृष्टि होती. त्याच घरांत १९३६ सालीं समाजसेवेचें शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली; आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. नागपाडा पुढें बास्केटबॉलपटूंचें माहेरघर झाला. भारतीय संघाचे कर्णधार अब्बास मुंतसिर हे तेथलेच, व १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

देवघेव एकाच बाजूची होती असेंही नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, तरी अभंग आणि कीर्तन सोडलें नाहीं. आपलीच वीणा त्यांनीं ख्रिस्ताच्या भजनाला लावली. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ तर आपल्या घरांतील कपाटांत मानानें बसलेलीं आहेत. शेजारच्या उस्मानाबादेस जानेवारी २०२० मध्यें मराठी साहित्यसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. भाषेच्या अंगणांत आपण एकत्र बसूं शकतों, हें मराठवाड्यानें तेव्हां पाहिलें.

मग आजोबांची भीति खोटी म्हणावी काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. आमिष दाखविणारा मनुष्य कोणत्याही धर्मांत सांपडतो, आणि लहान मूल आपण होऊन सावध राहूं शकत नाहीं. आपल्या राज्यघटनेनें धर्मप्रसाराची मोकळीक दिली आहे. परंतु दुसऱ्यास आपल्या धर्मांत ओढून आणण्याचा हक्क त्यांत येत नाहीं, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. कायद्याची ही रेषा झाली. घराला मात्र याहून साधी कसोटी पुरे.

निमंत्रणाच्या पत्रकावर जें छापलें आहे तेंच आंत चालतें काय? आंत जें चाललें तें मुलाला घरीं येऊन मोकळेपणीं सांगतां येतें काय? आणि उद्यां तें मूल गेलें नाहीं, तर त्याच्यावरील लोभ तसाच राहतो काय? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर तो पाहुणचार आहे. एकही नकारार्थी असेल, तर गोड बोलण्याला भुलूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां मदतीस आलेल्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. ढिगाऱ्याशीं बसलेल्या माणसाला ब्लँकेट देतांना बदल्यांत कांहीं मागायचें नसतें. हाच नियम कागदाच्या फुलांनाही लागू आहे.

परंतु हीच कसोटी आपण स्वतःलाही लावावी. आपल्या गणेशोत्सवांतील स्पर्धांना, आपल्या भजनी मंडळांना, आपल्या हळदीकुंकवाला आपण कोणाकोणास बोलावतों? नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत लंगरच्या पंगतीस बसणाऱ्याला कोणी जात विचारीत नाहीं. आपल्या दारांत मात्र न विचारतांही ती ठाऊक असते. ज्या घरानें शेजाऱ्याला कधीं आंत बोलाविलें नाहीं, त्यानें शेजाऱ्याच्या निमंत्रणाबद्दल संशय घ्यावा, हें शोभत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आजोबा स्वतः नातीचा हात धरून गेले, आणि पाळकसाहेबांना त्यांनीं सरळच विचारलें. पाळकसाहेब रागावले नाहींत. “वर्गांत प्रार्थना होत नाहीं. शेवटच्या दिवशीं मुलें नाताळचीं गाणीं म्हणतील. तें पत्रकांत छापलें आहे. आपण रोज येऊन बसलांत तर आम्हांला आनंदच होईल,” असें ते म्हणाले. आजोबा रोज जाऊन बसले. गाण्यांच्या दिवशीं आजीही गेल्या.

आम्ही परत आल्यावर स्नेह्यांचें पत्र आलें. नातीनें घरीं विचारलें होतें, “आजी, आतां संक्रांतीला त्या ताईंना तिळगुळाला बोलवायचें ना?” त्या घरांत आजवर ख्रिस्ती बाई हळदीकुंकवाला आलेली नव्हती. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, असें स्नेह्यांनीं लिहिलें आहे. मग म्हणाल्या, “कुंकू त्यांना चालतें कीं नाहीं, तें आधीं विचारून ये. नसेल चालत, तर नुसता तिळगूळ देऊं.”