विश्लेषण : रंगाईच्या टाकीला ‘३१६’ उत्तम, मग विमानाच्या एक्झॉस्टला का नको?

टॉवेल आणि चादरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत ‘एसएस’ म्हटले की डोळ्यांसमोर येतात रंगाईची यंत्रे, टाक्या आणि पाइप. तिथे हिशेब सोपा असतो : साधे काम असेल तर ३०४, मिठाच्या पाण्याशी गाठ असेल तर महागडे ३१६. पण हाच हिशेब तापून लाल होणाऱ्या एक्झॉस्टला लावला की फसतो. जनरेटरच्या बाबतीत त्याची किंमत एक पाइप असते. घरी बांधलेल्या विमानात ती जिवाची असू शकते.

घरी विमान ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडले गेले आणि २०१७ मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ या क्रमांकाने त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली. ते रोटरी इंजिनाचे नाही. परदेशातील काही हौशी विमानबांधणारे मात्र माझदाच्या मोटारींतील ‘१३बी’ हे रोटरी इंजिन निवडतात. एक्झॉस्टची सर्वात कठोर परीक्षा त्यांच्याकडेच होते.

रोटरी इतके गरम का?

या इंजिनात पिस्टन नसतात, व्हॉल्व्हही नसतात. तिकोनी रोटर फिरतो आणि छिद्र उघडताच जळलेला वायू झटक्यात बाहेर पडतो. हलणारे भाग कमी, थरथरही कमी, म्हणून विमानवाल्यांना ते भावते. पण ज्वलनाची जागा लांबट असल्याने जळण रेंगाळते आणि वायूचे तापमान ९०० अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकते. शिवाय मोटार क्वचितच पूर्ण जोर लावते, तर विमानाचे इंजिन तासन्‌तास मोठ्या ताकदीवर चालते. त्यामुळे ‘गाडीला हाच पाइप पाच वर्षे टिकला’ हा दाखला इथे कामाचा नाही.

३०४ नेमके कुठे हरते?

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात त्यातील कार्बन क्रोमियमला पकडतो आणि धातूच्या कणांच्या सीमेवर जाऊन बसतो. गंज रोखणारे क्रोमियम तिथे कमी पडते आणि वेल्डच्या शेजारी तडा जायची तयारी होते. एक्झॉस्ट प्रत्येक उड्डाणात या पट्ट्यातून जातो.

३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते. ते क्लोराइडमुळे पडणारे खड्डे रोखते, गरम असताना थोडी जास्त ताकदही देते. पण वरच्या दुखण्यावर ते औषध नाही. म्हणजे पैसे जास्त मोजून चुकीचे पोलाद घेतल्यासारखे. औषध आहे ३२१ मध्ये : कार्बनच्या किमान पाचपट टायटॅनियम. कार्बन टायटॅनियमला चिकटतो, क्रोमियम मोकळे राहते. विमानांच्या एक्झॉस्टमध्ये ३२१ रुळले ते याचमुळे. त्याहून धग असेल तिथे इन्कोनेल ६२५ वापरतात. ३२१ जोडताना मात्र फिलर ३४७ चा घ्यावा, कारण टायटॅनियम आर्कमध्येच बरेचसे जळून जाते.

योग्य ग्रेड आणूनही काम बिघडू शकते. या पोलादाचा एक मीटर पाइप ८०० अंशांनी तापला तर सुमारे १४-१५ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोके घट्ट जखडली तर तो कुठेतरी फाटणारच. सरकता सांधा किंवा बेलोज हवेच. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. आणि खुणा करायला शिसपेन्सिल नको. अमेरिकी विमान प्रशासनाची दुरुस्ती-मार्गदर्शिका तसे बजावते, कारण तापल्यावर तो कार्बन धातूत शिरतो आणि नेमक्या त्या रेघेवर तडा जाऊ शकतो.

एका तड्याने काय होते?

लहान विमानांत अनेकदा एक्झॉस्टभोवतीच्या जॅकेटमधून गरम हवा केबिनमध्ये घेतात. पाइप तडकला तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला ना वास, ना रंग. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना नेणारे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. साला यांच्या रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन ५८ टक्के होते. एक्झॉस्टमधून गळालेला वायू केबिनमध्ये शिरला असावा आणि वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा, असे ब्रिटिश तपास यंत्रणेने म्हटले. ते विमान तर कारखान्यात बनलेले होते.

म्हणून बिलावर नुसते ‘एसएस पाइप’ लिहिलेले स्वीकारणे थांबले पाहिजे. लोहचुंबक लावून बघणे ही समजूत काढण्याची पद्धत आहे, तपासणीची नाही; स्वस्तातले २०२ देखील चुंबकाला सहसा चिकटत नाही. ग्रेड, हीट नंबर आणि गिरणीचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे, त्यात टायटॅनियमचा रकाना पाहावा. शंका असल्यास हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने तुकडा तपासता येतो. आणि केबिनमध्ये वाजणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर बसवावा, पाइप ३२१ चा असला तरी.