विषय आहेत, शिक्षक कुठे आहेत?

बी.ए., बी.कॉम.ला प्रवेश घेणाऱ्यांना आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली असे शब्द पाठ करावे लागतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीची जुनी घडी मोडली. २०२४-२५पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही ती नव्याने बसवणे सुरू झाले.

धोरणातली एक गोष्ट मनापासून स्वागत करावी अशी आहे. दुसऱ्या वर्षानंतर लग्न ठरले किंवा घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, की मुलीचे शिक्षण सुटायचे आणि हाती काहीच उरायचे नाही. आता ठरलेले श्रेयांक पूर्ण केल्यावर एका वर्षाला प्रमाणपत्र आणि दोन वर्षांना पदविका मिळते. तीन वर्षांना पदवी, चारला ऑनर्स. कमावलेले श्रेयांक बँकेत जमा राहतात आणि ती मुलगी पुन्हा वर्गात येऊ शकते. अर्थात, ती परत येते की नाही याची चौकशी कॉलेजने केली नाही, तर हीच सोय गळतीवर पांघरूण घालेल.

खरी अडचण तालुक्याच्या गावात दिसते. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यायचा, असा नियम. पण कॉलेजात कला आणि वाणिज्य एवढ्याच शाखा असतील, तर इतिहासाच्या मुलीला वाणिज्यातलाच विषय घ्यावा लागतो. तिला पर्यावरणशास्त्र शिकायचे असले, तरी ते शिकवणार कोण? वेळापत्रकात विषयापुढे ज्यांची नावे असतात, त्यांतले अनेक जण तासिका तत्त्वावरचे. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही माणसे तासाच्या मानधनावर राबतात. सुट्टीत तेही नाही. पुढच्या जूनला आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसलेल्या प्राध्यापकाने चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला मार्गदर्शन कसे करायचे?

‘स्वयम’वरचे ऑनलाइन अभ्यासक्रम हा उपाय सांगितला जातो. पूरक म्हणून तो ठीक आहे, पण अडलेल्या मुलाला शंका विचारायला समोर माणूसच लागतो.

घाईचा परिणाम देशाने आधी पाहिला आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३मध्ये चार वर्षांची पदवी आणली, विद्यार्थी-शिक्षकांचा विरोध पेटला आणि २०१४मध्ये ती मागे घ्यावी लागली. पैशाची कथा तर त्याहून जुनी. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याचे उद्दिष्ट १९६८च्या धोरणात होते. २०२०च्या धोरणात तोच आकडा पुन्हा आला. दरम्यान, उच्च शिक्षणातले एकूण नोंदणी प्रमाण २०२१-२२मध्ये २८.४ टक्के होते आणि ते २०३५पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. एवढी मुले वर्गात येणार, तर त्यांच्यापुढे उभे राहणारे आधी नेमायला हवेत.

सरकारने नव्या विषयांच्या याद्या काढण्याआधी प्राध्यापकांच्या रिक्त जागा भराव्यात. आणि पालकांनो, प्रवेशाच्या वेळी फी विचारता तसे हेही विचारा: या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे का?