गावी परतल्यावर सांभाळणार कोण?

मुंबईत स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदारासाठी दिवसरात्र माणूस ठेवायचा, तर बेताची पेन्शन पुरत नाही. ज्यांचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीत आहे, त्यांना मग गाव आठवते. भाडे नाही, शेजार ओळखीचा. हा हिशेब खरा, पण अर्धाच.

'लासी-डॅड' पाहणीच्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या 88 लाख लोकांना, म्हणजे 7.4 टक्क्यांना, हा आजार आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. पालीहून रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय महामार्गाने गाठता येते. मध्यरात्री उठून दाराबाहेर निघणाऱ्या माणसाला आवरायला मात्र घरातच कोणी हवे, आणि ते काम बहुधा थकलेली पत्नीच करते.

सत्तरीपुढच्यांना 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचे कवच मिळाले, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या शुश्रूषेसाठी त्यात काही नाही.

स्वित्झर्लंडच्या मार्टिन वूडली यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आईला थायलंडमध्ये चिआंग माईला नेले, पुढे तिथेच अशा रुग्णांसाठी केंद्र उभारले. ते टिकले, कारण तिथे परवडणारे मदतनीस चोवीस तास मिळतात. असे मदतनीस इथेही मिळावेत म्हणून रत्नागिरी जिल्हा परिषदेने बचत गटांतील इच्छुक महिलांना या शुश्रूषेचे प्रशिक्षण आणि रास्त मानधन द्यावे. सुरुवात पालीपासून करावी.