झाडू कोणाच्या हातात?

पाच सप्टेंबरला शाळेत काय चालतं, ते तुम्हाला सांगायला नको. नववी-दहावीच्या मुली आईची, नाहीतर काकूची ठेवणीतली साडी नेसून येतात, मुलं बाबांचा शर्ट इन करून येतात आणि एक दिवस शिक्षक होतात. खरे शिक्षक त्या दिवशी मागच्या बाकावर. आमच्या शाळेतही हीच पद्धत होती. धुळे जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातली दहावीपर्यंतची शाळा, आणि मी तिथे मराठी शिकवायचे. सव्वीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त होऊन जळगावला असते.

साल २००६ असावं. नववीतली एक पोर 'मी' होऊन वर्गात आली. मैत्रिणींनो, काय सांगू! पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातातल्या खडूवर फुंकर मारायची माझी सवय, सगळं जसंच्या तसं. वर्ग हसून लोटपोट. ती टेबलापाशी आली, जमिनीकडे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन मुलींची नावं घेऊन म्हणाली, "उठा गं, झाडू घ्या. वर्ग बघा कसा झालाय! आणि पोरांनो, तुम्ही बाहेर थांबा, धूळ उडेल."

पोरं खरोखरच उठून दाराकडे निघाली, इतका हुबेहूब तो आवाज होता. सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

रात्री पोळ्यांची कणीक मळताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हात थांबला. 'पोरांनो, तुम्ही बाहेर थांबा, धूळ उडेल.' हे मी म्हणते? रोज म्हणते? म्हणत असणारच. त्याशिवाय त्या पोरीला ते कानामात्रेसकट पाठ कसं झालं? दर तीन जानेवारीला सावित्रीबाईंवर माझं भाषण असायचं. मुलगा-मुलगी समान, शिक्षणाने बाई उभी राहते, असं सगळं. चांगलं व्हायचं भाषण, लोक नावाजायचे. पण त्या पोरीने माझी नक्कल करताना त्या भाषणातला एक शब्दही उचलला नव्हता. तिने झाडूचं वाक्य उचललं.

आपण म्हणतो, शिक्षकाने मुलांपुढे आदर्श ठेवावा. जणू आदर्श म्हणजे कपाटातून काढून टेबलावर ठेवायची वस्तू. तसं नसतं हो. आपण ठेवू किंवा न ठेवू, मुलं उचलतच असतात. काय उचलायचं ते त्यांचं ती ठरवतात, आणि आपलं लक्ष नसतं नेमकं तेव्हाच उचलतात. पूर्वी पाटीवर कित्ता घालून द्यायचे. वर गुरुजींची ओळ, खाली मुलांच्या ओळी. वरची ओळ वाकडी असेल तर खालच्या दहा सरळ कशा येणार?

या झाडूवरून मला आठवले ते साने गुरुजी. आठवायलाच हवेत, कारण ते आपल्या खान्देशातले शिक्षक. जन्म कोकणातल्या पालगडचा, १८९९ चा, पण शिक्षक म्हणून घडले ते अमळनेरला. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात लागले आणि १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडून निघाले. म्हणजे जेमतेम सहा वर्षं. आमच्यासारख्या सव्वीस-तीस वर्षं करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्या सहा वर्षांत शाळेच्या वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे होतं. लांबलांबच्या खेड्यांतून आलेली मुलं. कोणाचं अंथरूण तसंच पसरलेलं, कोणाच्या खोलीत केर साठलेला, कंदिलाची काच काजळीने काळी झालेली. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं गुंडाळून ठेवायचे, काचा पुसायचे. त्यांच्या चरित्रांतून आणि विद्यार्थ्यांच्या आठवणींतून हे वाचायला मिळतं. स्वच्छतेचं महत्त्व यावर व्याख्यान नाही, दंड नाही, कोणाचं नाव फळ्यावर नाही. मुलं परत येत तेव्हा खोली आवरलेली असे. हे कोण करतं ते कळल्यावर मुलं ओशाळली आणि हळूहळू स्वतःच आवरायला लागली. 'छात्रालय' नावाचं एक हस्तलिखित दैनिकही गुरुजी त्या मुलांसाठी काढायचे. शाळेत शिकवून, वसतिगृह सांभाळून वर हे.

मला त्यात विशेष वाटतं ते निराळंच. झाडलोट हे बायकांचं काम, असं मानणाऱ्या घरांतून ती मुलं आली होती. घरी आई नाहीतर बहीण केर काढणार. इथे शिकलासवरलेला, ब्राह्मण घरातला, सगळं गाव ज्याला 'सर' म्हणतं असा पुरुष खाली वाकून त्यांच्या खोलीतला केर काढतोय. १९२५-२६ च्या सुमाराला! ही गोष्ट त्या मुलांनी घरी जाऊन कशी सांगितली असेल, आणि ऐकून त्यांच्या आयांना काय वाटलं असेल?

गुरुजी हे कुठे शिकले, ते आपल्याला 'श्यामची आई'तून ठाऊक आहेच. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक आपण रडत रडत वाचतो. पण त्यात 'पत्रावळ' नावाचं प्रकरण आहे, ते जरा न रडता वाचा. पत्रावळ लावायचा कंटाळा करणारा श्याम शेवटी ती शिकतो. मुलाला घरकाम शिकवायचं असतं, हे त्या घरात गृहीत होतं. आपण त्या पुस्तकातली माया तेवढी घेतली आणि पत्रावळ ताईकडे दिली.

धुळ्याच्या तुरुंगातलीही एक गोष्ट आहे. १९३२ मध्ये विनोबा आणि साने गुरुजी तिथे एकत्र होते. विनोबांनी फेब्रुवारी ते जून दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि ती ऐकता ऐकता लिहून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यामुळे आपल्याला मिळालं. हायस्कुलात शिकवलेला माणूस मांडी घालून विद्यार्थ्यासारखा उतरवून घेत बसला. आणि सांगणारे विनोबा त्याच तुरुंगात जात्यावर दळण दळायचे. दळण! आपल्या आज्यांचं पहाटेचं काम. गीता आणि जातं त्या माणसाला वेगळं वाटलं नाही.

असो. मी काही साने गुरुजी नाही. माझं काय झालं ते सांगते.

त्या कणकेच्या रात्रीनंतरच्या सोमवारी मी वर्गात गेले आणि स्वतःच झाडू हातात घेतला. पोरं बघत राहिली. मग हजेरीपटाप्रमाणे सगळ्यांची नावं क्रमाने लावून एक कागद भिंतीवर चिकटवला. रोज चौघं, दोन मुलगे नि दोन मुली, आणि सोमवारी पहिलं नाव माझं. कागदावर वर मोठ्या अक्षरात 'पाळी' असं लिहिलं होतं. नववीच्या मुली तोंडावर हात दाबून हसायला लागल्या, आणि मुलगे छताकडे बघायला लागले. मग तो शब्द खोडून 'वार' लिहिला. आज असते तर खोडला नसता.

शिक्षक खोलीत कुजबूज झालीच. "बाई, तुम्हाला शोभतं का हे? पोरांचा धाक जाईल." धाक गेला नाही. पण अवघड प्रसंग वेगळाच आला. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाची आई कापूस वेचायला जाता जाता डोक्याला फडकं बांधलेलं तशीच शाळेत आली. "बाई, मना आंडोरना हातमा झाडू दिधा म्हने तुम्हीन? तो काय आंडेर शे का?" माझ्या मुलाच्या हातात झाडू दिलात, तो काय मुलगी आहे का, असा तिचा सवाल. रागावण्यापेक्षा तिला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. मुलगा शिकून साहेब व्हावा म्हणून ती ऊन खात होती आणि शाळेने त्याच्या हातात तिचंच काम दिलं!

मी म्हटलं, "ताई, आज सोमवार. आज मी झाडलाय वर्ग." तिने दारातून आत डोकावून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता निघून गेली. पटलं असेल असं म्हणणार नाही, कारण तिचा मुलगा त्याच्या वाराला पुढे दोन महिने उशिरा येत राहिला. नंतर वेळेवर यायला लागला. का, ते विचारलं नाही.

त्या आईला मी दोष देत नाही. मुलांची पहिली बाई आईच असते आणि तिच्यापुढे तिच्या आईने घालून दिलेला कित्ता असतो. पण शाळेतल्या बाईला ही सबब नाही. घरी जे घडतं त्याहून वेगळं काही दिसावं, म्हणून तर शाळा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत असं चित्र आलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढी चर्चा झाली. चांगलंच झालं. पण चित्राचं पान उघडून बाई म्हणाल्या, 'मुलींनो, जरा चटया अंथरा गं,' तर त्या चित्राचं काय करायचं?

आमच्याकडे समारंभी झाडू मात्र पुष्कळ दिसायचा. २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. समिती येणार म्हटलं की गावाला रंग, शाळेला चुना. सरपंचांपासून आम्हा सगळ्यांपर्यंत खराटा घेऊन फोटो. फोटो निघाला की खराटा मुलींच्या हातात. गाडगेबाबा स्वतः आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आम्ही कीर्तन तेवढं ठेवलं. आदर्श शिक्षक पुरस्काराच्या फायलींतही असे फोटो लागतात म्हणे. मी कधी फाईल केली नाही, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

एक गोष्ट इतक्या वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. त्या नक्कल करणाऱ्या पोरीने ज्या दोन मुलींची नावं घेतली, ती उगीच घेतली नव्हती. वर्गात पंचवीस मुली होत्या, पण केर काढायला माझ्या तोंडी बहुतेक वेळा तीच दोन नावं यायची. दोघी गावाबाहेरच्या वस्तीतून यायच्या. मी जाणूनबुजून करत नव्हते, हे अगदी खरं. पण जाणूनबुजून न करता नेमकी तीच दोन नावं कशी यायची, याचं उत्तर मला देता येत नाही. जात मानत नाही, असं मी कुठेही सांगितलं असतं. माझ्या तोंडाला मात्र पाठ होतं कोणाला हाक मारायची ते. आणि वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांनी तेही उचललं असणारच. समोरचा मुलगा बाहेर का आणि त्या दोघी आत का, याचा धडा मी रोज पाच मिनिटं घेत होते, फळ्यावर काहीही न लिहिता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी जळगावहून गेलो होतो. साने गुरुजींचं नाव जिकडे तिकडे. पुस्तकांच्या गाळ्यांपाशी तोबा गर्दी. त्या गर्दीत मागून हाक आली, "बाई!" वळून पाहिलं तर त्या दोघींपैकी एक. कडेला मुलगी, खांद्याला पिशवी. आता ती स्वतः शाळेत शिकवते. माझे डोळे भरून आले. एवढ्या गर्दीत काय आणि कसं बोलायचं कळेना, तरी म्हणून टाकलं, "तुम्हा दोघींनाच उठवायचे गं मी. चुकलंच माझं. नंतर मी स्वतः झाडायला लागले, आठवतं ना?"

आमच्या घरी केर-भांड्यांना पहिल्यापासून बाई आहे, हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

ती हसली. म्हणाली, "आठवतं ना बाई. तुम्ही कोपरे सोडून द्यायच्या. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी परत झाडून घ्यायचो."