कवच आहे, पण भीती चुकीची

अकोले तालुक्यातील कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ज्या काळ्या पाषाणाचे बनले आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने बाहेर पडला. असा रस थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा टिपून ठेवतात. दख्खनच्या पठारावरील अनेक थरांत ही दिशा आजच्या उलट आढळते. त्या काळी होकायंत्र असते, तर त्याच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते.

हे आठवायचे कारण म्हणजे समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरणारी भीती: चुंबकीय ध्रुव पालटणार आणि सूर्य आपली हवा उडवून नेणार. यात सत्याचा अंश आहे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने सतत वाहतो. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून तयार होणारे क्षेत्र त्यातील बहुतेक कण बाजूला वळवते. मंगळाचे असे क्षेत्र अब्जावधी वर्षांपूर्वी विझले. ‘नासा’च्या मेवन यानाच्या मोजणीनुसार तेथून आजही सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वायू या वाऱ्याबरोबर निघून जातो.

पण मंगळाचे गुरुत्वाकर्षणही कमी आहे. उलट शुक्राला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तरी तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे नव्वदपट आहे. शिवाय ध्रुव पालटायला हजारो वर्षे लागतात. शेवटची पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. हवा टिकली, जीवसृष्टीही टिकली.

खरी काळजी हवेची नाही, तारांची आहे. १८५९ च्या सप्टेंबरमधील प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. तेव्हा युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज काही तास गेली. आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांवर आपण कितीतरी अधिक विसंबून आहोत.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली गेली, कारण ट्रामच्या विजेने कुलाब्याच्या नोंदी बिघडल्या असत्या. विकास आणि मोजमाप यांचा मेळ तेव्हा घातला गेला. अलिबाग परिसरात वाढत्या बांधकामांना आणि वीजवाहिन्यांना परवानगी देताना आजही तोच विचार व्हायला हवा. अफवेला घाबरण्यापेक्षा अखंड नोंदी जपणे अधिक शहाणपणाचे.