ब्रुनोला कुठे न्यायचं?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी सांभाळून घ्या. पण हे सगळं घडलं मराठीतच, म्हणून मराठीतच लिहितेय.

गेल्या जुलैत आमचा ब्रुनो गेला. तेरा वर्षांचा होता, मी दुसरीत असताना आणलेला. रात्रीची वेळ आणि बाहेर लोणावळ्याचा पाऊस. पप्पांनी सोसायटीच्या मागे खड्डा खणायला घेतला, तर दीड फुटावर कातळ लागला आणि खड्डा पाण्याने भरला. वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे दुसरं काय होणार! सकाळी एका ठिकाणी फोन केला. उत्तर मिळालं, "गोणीत भरा आणि कचऱ्याच्या गाडीत द्या." मम्मी फोन ठेवून नुसती बसून राहिली.

शेवटी नाणे मावळातून मामा आले. "ताई, रडू नको. आपल्या बैलाशेजारी जागा हाय." मामांनी विहीर आणि ओढा दोन्हीपासून लांबची, उताराच्या वरच्या अंगाची जागा निवडली. चार फूट खणलं. आम्ही ब्रुनोला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं होतं, ते काढायला लावलं. "ह्यात माती कशी व्हायची त्याची?" मग जुनी चादर, वरून मीठ, माती, दगड आणि बाभळीच्या काट्या, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरणार नाहीत. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण यातलं एकही मला माहीत नव्हतं.

मामा म्हणाले, पूर्वी मेलेलं जनावर माळावर टाकायचे, गिधाडं साफ करायची. आता गिधाडंच नाहीत. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि ती मेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. आजारी कुत्र्याला कायमचं झोपवायला पेंटोबार्बिटल दिलं असेल तर तेही शरीरात राहतं आणि ते मढं खाणारा प्राणी मरू शकतो. म्हणजे वरवर पुरणं किंवा कुठेतरी टाकून देणं हा फक्त आपल्या घरचा प्रश्न राहत नाही.

हॉस्टेलवर हे सांगितलं तर मुलं हसली. "माणसांना जागा नाही, कुत्र्याला कसली स्मशानभूमी?" अरे, रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून आपण किती भांडतो! ते १९३६ मध्ये बांधलं, २०१२ मध्ये काढलं आणि परत बसवलं. वाघ्या खरा की दंतकथा ते इतिहासकार बघतील. पण स्मारकासाठी भांडणाऱ्यांना आपल्या मोत्याला कुठे न्यायचं हे माहीत असतं का?

मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. मावळात तशी एक का नको? इथे शेतकरी आहेत, फ्लॅटवाले आहेत, शनिवार-रविवारी लॅब्रॅडॉर घेऊन येणारे बंगलेवालेही आहेत. मामांसारखं शेत प्रत्येकाकडे थोडंच असतं? आणि घरात म्हातारं कुत्रं असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दहन एकट्याचं करतात की चार-पाच जणांचं एकत्र, हेही विचारा. एकत्र केलं तर राख वेगळी मिळत नाही. हे त्या रात्री सुचत नाही, अनुभवाने सांगतेय.

पंचवीस-तीस किलोच्या जनावरासाठी भट्टी काही फार मोठी लागत नाही. एक कप्पा दहनाचा आणि धूर पुन्हा जाळायला दुसरा. मेकॅनिकलच्या कुणाला फायनल इयरचा प्रोजेक्ट सुचत नसेल तर हा घ्या. ड्रॉइंग्ज मी करून देईन.