मागच्या बाकावरचा माणूस

दिवाळी अंक लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत प्राध्यापकांचा वाटा मोठा. त्यांच्या पगाराची नि सुट्ट्यांची चर्चा आपण हिरिरीनं करतो. पण नोकरी लागल्यावर त्यांच्या शिकवण्याकडे आणि संशोधनाकडे आपुलकीनं बघणारं कोणी उरतं का, हा प्रश्न सहसा निघत नाही.

२०११ साली अतुल गावंडे यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये एक लेख लिहिला. तेव्हा ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, शस्त्रक्रिया करत होते, वय पंचेचाळीस. आपल्या हातून होणाऱ्या शस्त्रक्रियांतली गुंतागुंत वर्षागणिक कमी होत आली होती, ती आता कमी होईनाशी झाली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त शल्यविशारद रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात येऊन नुसतं बघायला सांगितलं. शस्त्रक्रिया थायरॉइडची होती आणि गावंडेंच्या मते ती झकास झाली. ऑस्टीन यांची वही मात्र बारीक अक्षरात भरून गेली होती. कोपर मधूनमधून खांद्याइतकं वर जातं, त्यानं हाताची अचूकता कमी होते. रुग्णावरची कापडं अशी अंथरली होती, की समोरच्या सहायकाला नीट काम करता येईना. आणि दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, तो जवळपास अर्धा तास तसाच होता. इतक्या वर्षांत हे गावंडेंना कोणी सांगितलं नव्हतं.

गावंडेंचं घराणं विदर्भातल्या उटी गावचं. त्यांच्या वडिलांनी, डॉ. आत्माराम गावंडे यांनी, आईच्या स्मरणार्थ उमरखेडला महाविद्यालय उभं केलं. हार्वर्डच्या शल्यविशारदानं जी मदत मागून घेतली, ती उमरखेडच्या, गडहिंग्लजच्या किंवा चोपड्याच्या प्राध्यापकानं कोणाकडे मागायची?

आपल्याकडे प्राध्यापकाची वाढ म्हणजे ‘कॅस’ची, बढतीच्या योजनेची, फाइल. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. ती नावं बदलत २०२३ पासून मालवीय मिशनखाली आली. तिथल्या उद्बोधन आणि उजळणी वर्गांनी अनेकांना नवी पुस्तकं दिली, दूरच्या गावचे मित्र दिले. ते आम्ही कमी लेखत नाही. पण वर्ग संपतो, प्रमाणपत्र फायलीला लागतं, आणि प्राध्यापक पुन्हा आपल्या फळ्यासमोर एकटा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण आणले, तशी शोधनिबंधांची धावपळ सुरू झाली आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. २०१८ च्या नियमांनी ते गणित बदललं, फाइल भरण्याची सवय गेली नाही. पीएच.डी.नंतर कोणत्या एका प्रश्नाला दहा वर्षं द्यावीत, विभागप्रमुखपद आत्ता घ्यावं की हाती घेतलेलं पुस्तक आधी पुरं करावं, हे कोणत्या रकान्यात विचारायचं?

इथे ऑस्टीन यांच्यासारखा कोच लागतो. तो व्याख्यान देत नाही. मागच्या बाकावर बसतो, बघतो, टिपतो आणि नंतर चहा घेताना विचारतो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या शाळांत मोजून पाहिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांब आणि विचार करून दिलेली येतात. आपली ही घाई शिकवणाऱ्याला कळत नाही. मागे बसलेल्याला ती पहिल्या दहा मिनिटांत दिसते.

मात्र त्याची वही फायलीपर्यंत जाता कामा नये, ही आमची अट आहे. ज्याच्या सहीवाचून बढती अडते, त्याच्यासमोर कोणी आपली कच्ची बाजू उघडी करत नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवायला कोचिंगची नोंदवही तयार होऊ लागली, की तिथे खरं बोलणं थांबलं असं समजावं. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर जी मेहनत घेतली, तिच्यात हा विश्वास होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा उल्लेख आहे आणि भारतीय भाषांत शिकवू शकणारे ज्येष्ठ, निवृत्त प्राध्यापक तिच्यात असावेत, असंही म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक साधारणपणे साठाव्या वर्षी निवृत्त होतात. तालुक्याच्या गावीही असे चार-दोन जण भेटतात, ज्यांच्या तासाला बाहेरच्या वर्गातली मुलं येऊन बसत. त्यांची सर्वांत जास्त गरज आहे ती तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणांना. या तरुणांची नोकरीच पक्की नाही, आणि पदभरती टाळण्यासाठी कोच पुढे केला गेला तर ती त्यांची फसवणूक होईल. जागा भरायलाच हव्यात. पण भरती होईतो त्यांनी आज घेतलेला तास वाया जाऊ द्यायचा का?

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होईल. निवृत्त प्राध्यापकांना आमची विनंती आहे: आपल्या जुन्या महाविद्यालयातल्या एखाद्या तरुण सहकाऱ्याला विचारा, तुमच्या तासाला येऊन बसू का? प्राचार्यांनी त्याला परवानगी द्यावी आणि अहवाल मागू नये.